जुनी छोटी गाडी खान्देशच्या उन्हाळ्यासाठी तयार करताना: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दरवर्षी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी मला ठरलेले फोन येतात. लेकीला माहेरी आणायला निघालेली गाडी वाटेत बॉनेट उघडून उभी असते. कधी चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात, कधी साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारीत, तर कधी सपाट रस्त्यावर, रेल्वे फाटकाच्या रांगेत. गाडी बारा-पंधरा वर्षांची असते आणि मालकाचं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, परवाच तर सर्व्हिसिंग केली!"

सर्व्हिसिंग खरंच केलेली असते. ऑइल बदललेलं असतं, फिल्टर बदललेला असतो, गाडी धुतलेली असते, एसीचा गॅस भरलेला असतो. पण यातलं एकही काम गाडीला ४४-४५ अंशांच्या दुपारसाठी तयार करत नाही. अमळनेर, शहादा, पारोळा, यावल इथल्या जुन्या गाड्या वापरणाऱ्यांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांची गाडी दगा देते आणि ज्यांची वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते, त्यांच्या खर्चात फार फरक नसतो. फरक असतो कामांच्या क्रमात. गळती न शोधता कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरलं, रेडिएटर (ते द्रव गार करणारी जाळी) न धुता थर्मोस्टॅट (त्या द्रवाची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) काढला, चार्जिंग न तपासता बॅटरी बदलली, की पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

पुढचे टप्पे मारुती ८००, जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो, पेट्रोल इंडिका अशा दहा ते अठरा वर्षांच्या छोट्या गाड्यांसाठी आहेत. फेब्रुवारीच्या मध्यात सुरुवात करा आणि होळीपर्यंत संपवा. घरचे दोन रविवार आणि गॅरेजचा एक पूर्ण दिवस पुरतो. एप्रिलमध्ये गॅरेजला गर्दी असते आणि मिस्त्रीला तुमच्या गाडीजवळ शांतपणे उभं राहायला वेळ नसतो.

## टप्पा १: आधी कागद, मग खर्च

आरसी बुक काढा आणि मुदतीची तारीख बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्यासाठीचा नमुना २५ मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो. तारीख याच वर्षी येत असेल तर हरित कर, फिटनेसला लागणारी डागडुजी आणि उन्हाळ्याची कामं यांचा हिशेब एकत्र मांडा. पत्रा तळातून सडलेला असेल तर इथेच थांबून विचार करा. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी चार नवे टायर आणि नवी बॅटरी बसवली आणि दोन महिन्यांनी गाडी विकायला काढली, कारण चॅसी सडलेली निघाली. खालून गाडी आधी बघितली असती तर तो खर्च वाचला असता.

## टप्पा २: आठ दिवस फक्त बघा आणि लिहा

या टप्प्यात पाना हातात घ्यायचा नाही. एक वही करा आणि रोज सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन थंड असताना या गोष्टी लिहा:

1. कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर आजच्या पातळीला मार्कर पेनने रेघ मारा. रोज त्या रेघेशी ताडून बघा.
2. ऑइलची डिपस्टिक सपाट जागेवर पुसून पुन्हा बुडवा आणि पातळी लिहा.
3. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा आहे ते बघा.
4. पहिल्या सेल्फला गाडी लागते की तिसऱ्या, तेही लिहा.
5. गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालत असताना तापमानाचा काटा कुठे स्थिर होतो ते लक्षात ठेवा. काही गाड्यांना काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. त्यांच्या मालकांनी पुढची प्रत्येक तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पुठ्ठ्यावरचे डाग वाचायला सोपे असतात. हिरवा किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. तपकिरी-काळा म्हणजे ऑइल. एसी चालवून आल्यावर डॅशबोर्डच्या खाली, गाडीबाहेर जमिनीवर स्वच्छ पाणी टपकलं असेल तर ते एसीचं, त्याची चिंता नको. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट डाग दिसला तर ब्रेक ऑइल असू शकतं. तो दिसला की गाडी तिथेच थांबवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

पुठ्ठा कोरडा आहे म्हणून गळती नाही असं समजू नका. माझ्या २००९ च्या गाडीची कूलंटची रेघ आठवड्याला बोटभर खाली जायची आणि जमिनीवर थेंब नव्हता. तीन मिस्त्रींनी तीन कारणं सांगितली. शेवटी दुपारच्या उजेडात आरसा आणि टॉर्च घेऊन बसलो तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून निघालेली गुलाबी-पांढरी, मिठासारखी वाळलेली ओघळ दिसली. गरम इंजिनवर थेंब पडायच्या आधीच वाळत होता. पंपाचं सील गेलं होतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडून खबर देतं. वहीतल्या रेघा नसत्या तर ती खबर मला कळली नसती.

तपासा: आठ दिवसांत कूलंट जराही उतरलं नसेल तर टप्पा ४ लवकर आटपेल. उतरलं असेल तर टप्पा ५ ला हात लावू नका.

## टप्पा ३: रेडिएटरमधली धूळ बाहेर काढा

गाडी तापण्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. गाडीच्या नाकासमोर आधी एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. दोघांमध्ये बोटभर फट असते. खान्देशात या फटीत काय जमतं ते बाहेरून दिसत नाही. काळ्या मातीची धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारा कापूस, मळणीचं भूस आणि किडे, सगळं तिथे बसतं. पावसाळ्यात ते भिजतं, उन्हाळ्यात वाळतं. यावलकडच्या एका शेतकरी भाऊंच्या गाडीचा कंडेन्सर सोडवून पुढे झुकवला तेव्हा रेडिएटरवरून घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग थर हातात आला. चिमटीत धरून तो अख्खा उचलता आला. त्या गाडीचं कूलंट दोनदा बदलून झालं होतं आणि थर्मोस्टॅट काढून टाकलेला होता.

1. इंजिन पूर्ण थंड असू द्या. सकाळची वेळ बरी.
2. पुढची जाळी आणि लागेल तर बंपर काढून घ्या. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा पुढे झुकवता येतो. गॅसच्या नळ्या मात्र सोडू नका आणि ताणू नका.
3. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि वायरींच्या जोडांवर प्लास्टिकची पिशवी बांधा.
4. मऊ ब्रशने सुकी घाण आधी झाडून काढा. ओली केली की तिचा चिखल होऊन पट्ट्यांमध्ये रुततो.
5. मग साध्या नळीने, कमी जोराच्या धारेने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर पाणी मारा. घाण जिकडून आत आली तिकडूनच ती बाहेर जायला हवी.

सावधान: गाड्या धुण्याच्या सेंटरवरची जोराची धार रेडिएटरवर मारू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वारा जायची वाट कायमची बंद होते.

तपासा: अंधार पडल्यावर रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा. पुढून सगळीकडे सारखा उजेड दिसला पाहिजे. एखादा भाग काळा राहिला तर तिथलं काम अजून बाकी आहे.

एअर फिल्टरही याच दिवशी काढून बघा. गावरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच भरतो.

## टप्पा ४: गळती आणि झाकण

आता गॅरेजला जा आणि "सर्व्हिसिंग करा" असं न सांगता "कूलिंगची प्रेशर टेस्ट करा" असं सांगा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. दहा-पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर गळती नाही. उतरला तर होज पाइपांचे जोड, क्लिपा, वॉटर पंप, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांची शिवण आणि केबिनमधला हीटर, या क्रमाने शोधा. पायाशी पायपुसणं ओलसर आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरची कॉइल गळते आहे.

होज पाइप थंड असताना दाबून बघा. चांगला पाइप घट्ट पण लवचीक लागतो. कडक होऊन करकर वाजणारा किंवा ओल्या पावासारखा मऊ पडलेला पाइप बदला. एक पाइप गेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, म्हणून वरचा, खालचा आणि हीटरचे दोन्ही एकाच वेळी बदला. फक्त फुटलेला पाइप बदलला की पुढच्या महिन्यात दुसरा फुटतो, हा अनुभव मला किमान चार मालकांनी सांगितला आहे.

आता झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब साधारण बारमध्ये (दाबाचं एकक) धरायचा. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. ०.९ बारचं चांगलं झाकण साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळू देत नाही. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी शंभरीच्या आसपास उकळायला लागतं आणि टाकीतून बाहेर पडतं. मग लोक म्हणतात, "गाडी पाणी खाते." झाकण काही शेकड्यांत येतं. दहा वर्षं जुनं असेल तर न तपासता बदला, पण आकडा तोच घ्या. मोठ्या आकड्याचं झाकण बसवलं तर जुना रेडिएटर शिवणीत फाटतो.

तपासा: झाकण उघडल्यावर तोंडाशी दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर आहे का? सुरू इंजिनमध्ये कूलंटमधून बुडबुडे सतत येतात का? दोन्हीपैकी एक जरी असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलची) शंका घ्या. पुढचे टप्पे थांबवून आधी त्याचा निकाल लावा.

## टप्पा ५: कूलंट बदलणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिली चूक पाण्याची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांना बसतो. या नळ्या आतून बारीक असतात. दोन उन्हाळे बोअरचं पाणी टाकलं की निम्म्या नळ्या बुजतात आणि मग बाहेरून कितीही धुतलं तरी गाडी तापते. दुसरी चूक रंगाची. हिरव्यात हिरवं आणि लालमध्ये लाल चालतं असं दुकानदार सांगतात. रंगावरून आतली रसायनं कळत नाहीत, कंपन्या आपापले रंग वापरतात. काय भरलेलं आहे ते माहीत नसेल तर पूर्ण काढून नवीन भरा.

छोट्या गाडीत एकूण कूलंट साधारण साडेतीन ते चार लिटर मावतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. तो आधी बघून घ्या.

1. इंजिन थंड. हीटरचा खटका पूर्ण गरमकडे करा, म्हणजे हीटरमधलं जुनं पाणीही निघेल.
2. खालचा ड्रेन स्क्रू किंवा खालचा होज पाइप सोडून सगळं एका टबात काढा.
3. बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, इंजिन दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. बहुतेक जुन्या गाड्यांना तीन फेऱ्या लागतात. शेवटचं पाणी काढल्यावर टप्पा ६ मधली थर्मोस्टॅटची तपासणी करून घ्या.
4. आता लक्ष द्या. शेवटच्या फेरीनंतर लिटरभर तरी डिस्टिल्ड वॉटर इंजिन ब्लॉकमध्ये अडकून राहतं. त्यावर तयार मिश्रण भरलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणा आणि एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे चार लिटरच्या गाडीत दोन लिटर, आधी भरा. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. मिश्रण बरोबर निम्मं-निम्मं होतं.
5. गाडीचं नाक उताराच्या वरच्या बाजूला करून उभी करा. झाकण उघडं ठेवून, थंड इंजिनपासून सुरुवात करून, इंजिन चालू ठेवा. वरचा होज पाइप गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. हीटरमधून गरम हवा यायला लागली म्हणजे आतली हवा निघाली.
6. झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनमध्ये पुन्हा बघा. थोडं उतरलेलं असतंच, तेवढं भरा.

पाचवी पायरी घाईत गाळली की आत हवेचा फुगा राहतो. टाकी भरलेली दिसते, पण हेडच्या वरच्या भागात पाणीच नसतं. "कूलंट बदललं आणि त्याच आठवड्यात गाडी तापली" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघालं आहे.

सावधान: काढलेलं कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. कुत्रं, वासरू, कोंबड्या ते पितात आणि मरतात. टब गोठ्याजवळ किंवा अंगणात उघडा ठेवू नका आणि मोरीत ओतू नका. डब्यात बंद करून गॅरेजला द्या.

## टप्पा ६: थर्मोस्टॅट आणि पंखा

"भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील." हे वाक्य खान्देशात जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने ऐकलेलं आहे. मी यावर ठाम आहे: काढू देऊ नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला योग्य तापमानावर ठेवतो. तो नसेल तर इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. काही इंजिनांत तर तो उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. त्याहून वाईट म्हणजे बुजलेल्या रेडिएटरचं खरं दुखणं हिवाळाभर झाकून राहतं आणि मे महिन्यात घाटात उघडं पडतं.

थर्मोस्टॅट तपासायला पातेलं, पाणी आणि स्वयंपाकघराबाहेरचा गॅस पुरतो. सुतळीने तो पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी तो उघडायला लागला पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. अर्धवट उघडणारा फेकून द्या. हे काम कूलंट काढलेलं असतानाच करून घ्या, म्हणजे दोनदा कूलंट काढावं लागत नाही.

पंख्यासाठी गाडी सावलीत उभी करून एसी बंद ठेवून चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर गेला की पंखा लागला पाहिजे आणि काही वेळाने बंद झाला पाहिजे. मग एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरतो. तो हळू फिरत असेल, सुरू होताना कण्हत असेल, तर मोटर थकलेली आहे. पंखा थेट वायर टाकून कायमचा चालू करून देणारे मिस्त्री आहेत. तसं केलं तर खराब सेन्सर किंवा रिले कधीच सापडत नाही आणि मोटरही लवकर जळते.

## टप्पा ७: रबर

किलोमीटर कमी आहेत म्हणून गाडी चांगली, हा समज जुन्या गाडीत सगळ्यात महाग पडतो. रबर उन्हाने आणि वर्षांनी मरतं. गाडी उभी असली तरी मरतं.

टायमिंग बेल्टपासून (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारा पट्टा) सुरुवात करा. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनला, जुन्या सँट्रोला पट्टा आहे. नंतरच्या के-१० इंजिनला चेन आहे. पट्ट्याची मुदत पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही दिलेली असते आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. शिरपूरच्या एका आबांची गाडी बारा वर्षांत पंचेचाळीस हजारच चालली होती. पहिलाच पट्टा होता. एका सकाळी सेल्फ मारताना तो तुटला. घरासमोर तुटला म्हणून निभावलं. बऱ्याच इंजिनांत चालत्या गाडीत पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड उघडावं लागतं. पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. सोबत टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी चकती) बदला आणि तुमच्या इंजिनात वॉटर पंप पट्ट्याच्या आवरणामागे असेल तर तोही याच वेळी करा.

दुसरं पेट्रोलचे पाइप. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला चालणारे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये आले. त्याआधीच्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी तुकडे वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा सकाळी बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर इथेनॉलला चालणारा पाइप मागून घ्या आणि क्लिपाही नव्या लावा. पेट्रोल फिल्टर त्याच वेळी बदला. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

तिसरं उंदीर. मका, कपाशी किंवा ढेपेजवळ गाडी लावत असाल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा. कुरतडलेली एक वायर महिनाभर चुकीची दुखणी दाखवत राहते.

सीएनजी किट असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कधी संपते ते प्लेटवर बघा. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन उन्हाळ्यात फिरू नका.

## टप्पा ८: बॅटरी

बॅटरी हिवाळ्यात बंद पडते, पण तिचा जीव उन्हाळ्यात जातो. साधा मल्टीमीटर घ्या.

1. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी.
2. सेल्फ मारताना: आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये.
3. गाडी चालू असताना: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान.

तिसरा आकडा कमी असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा तो फिरवणाऱ्या ढिल्या पट्ट्याचा आहे. नवी बॅटरी घेतली तरी तीही बसेल. आकडा १५ च्या जवळ जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस.

## टप्पा ९: टायर आणि ब्रेक

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढच्या टायरच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो लांबच्या प्रवासाला नको. स्टेपनीची तारीखही बघा, ती बहुधा गाडीएवढीच जुनी निघते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा समज अतिशय धोकादायक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यानेच तापून फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढीच हवा, सकाळी, टायर थंड असताना. दुपारी वाढलेला दाब बघून हवा सोडू नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलेलं १४० लाच उकळू शकतं. घाट उतरताना ते उकळलं की पायाखालचं पेडल मऊ होऊन खाली बसतं. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला.

## टप्पा १०: तीन चाचण्या, याच क्रमाने

पहिली: दुपारी एकला, उन्हात, एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. समोरच बसा आणि काटा बघा. दुसरी: हायवेवर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, चार माणसं बसवून. तिसरी: छोटा चढ. धुळेकरांना लळिंग घाट सोयीचा आहे. प्रत्येक चाचणीनंतर दुसऱ्या सकाळी कूलंटची रेघ बघून वहीत लिहा. एखाद्या चाचणीत काटा वर गेला तर पुढची करू नका, त्या टप्प्यावर परत या. तिन्ही पार पडल्याशिवाय वणीच्या गडाची, तोरणमाळची किंवा कन्नड घाटापलीकडची वारी ठरवू नका.

घाट चढताना तिसऱ्यात गाडी ओढत ठेवू नका. दुसऱ्यात घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या, पंपही त्यासोबत वेगाने फिरतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद तर कधीच करू नका, ब्रेकचा बूस्टर त्याच्याच जोरावर चालतो.

## टप्पा ११: तरीही तापलीच तर

1. एसी बंद. काचा खाली. हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण जोरात. मे महिन्यात हे सहन होत नाही, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे.
2. वळणावर थांबू नका. पहिली रुंद, सपाट जागा गाठा, धोक्याचे दिवे लावा, माणसं रस्त्यापासून दूर सावलीत उभी करा.
3. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. वाफ नसेल आणि काटाच वर असेल तर एक-दोन मिनिटं जागेवर चालू ठेवा. काटा उतरू लागला तर मग बंद करा. चढत राहिला तर लगेच बंद करा. चावी ऑन ठेवून पंखा फिरत असेल तर फिरू द्या.
4. बॉनेट उघडा, पण झाकणाला ४५ मिनिटं हात लावू नका. दाबाखालचं पाणी तोंडावर उसळतं. भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.
5. नंतर जाड फडकं टाकून झाकण पाव फेरा फिरवा, दाब सुटू द्या, मगच काढा.
6. इंजिन कोमट असेल तेव्हाच पाणी भरा, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं. तापलेल्या इंजिनवर किंवा आत थंड पाणी ओतलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. अडचणीच्या वेळी पिण्याचं कोणतंही पाणी चालेल, घरी गेल्यावर टप्पा ५ पुन्हा करायचा.
7. भरलेलं पाणी खालून लगेच गळत असेल, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर गाडी चालवू नका. "कसंबसं चाळीसगावपर्यंत जाऊ" म्हणून चालवलेल्या पंधरा किलोमीटरनेच इंजिन बसतं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, नसाल तर टोइंग बोलवा.

गाडी घरी चालत आली असेल तरी त्या रात्री पुन्हा पुठ्ठा पसरा. सकाळी थंड इंजिनमध्ये झाकण उघडून पातळी बघा, डिपस्टिक बघा, तारीख, जागा, तेव्हाचा गिअर आणि काटा कुठवर गेला होता ते वहीत लिहा आणि ती वही घेऊनच गॅरेजला जा.